दाजींची डबी

चि. सिद्धोधन,

पेडगावहून तुझ्या पंचफुलाआक्काचा जयभीम. आमी खुशाल हाव असं लिहायची रीत हाय, पण खुशाली राह्यली न्हाई. तुझी तब्येत कशी हाय? (खोटं बोलू नको. फोनवर तू 'रेंज न्हाई' म्हणून पळतोस, म्हून लिहायलेय.)

आमच्या ह्यांला, म्हंजे तुझ्या दाजींला, संडासातून रगत पडायलं, तवा तुझ्या लेकीनं, सुकेशनीनं, पुण्याच्या तिच्या प्रयोगशाळेतून तपासणीची डबी दिली. हे लाजले. म्हणले, लेकीसारख्या पोरीनं माझं असलं बघायचं? तेवढ्यात तू मानवतहून आलास. ह्यांनी अक्कल लावली (जन्मात पहिल्यांदा): बापाचं बघायला पोरीला कसली लाज? आन् तू! दाजींचा शब्द कसा मोडावा म्हणून मुकाट डबी घेऊन गेलास. आरं, दाजींनी लुगडं नेस म्हणलं तर नेसशील का?

परवा सुकेशनीचा फोन. रडायलेली. मामांच्या, म्हंजे ह्यांच्या, डबीत खराबी दिसली म्हणं. मायक्रोआरएनए म्हणून बारीक काहीतरी पेशीत असतंय, मुकादमच समज. 'पुरं, थांबा' म्हणणारे मुकादम गप झालेत, आन् गाठ अडवणाऱ्या राखणदाराचं तोंड दाबणारे माजलेत. म्हून आतड्यात कॅन्सरची गाठ वाढती. वर ती गाठ असले मुकादम रगतातून लिव्हरपस्तोर पुढं धाडती, बिऱ्हाडाची जागा बघायला! डोळ्याला दिसंना, आन् एवढी मुजोरी! हे पक्कं न्हाई, दुर्बीण घालून बघायलाच पाहिजे, लवकर सापडलं तर बरं होतंय, असं पोरगी घोकायलेली.

घरात रडारड. भावकी केळी घेऊन आली. हे एकटे मजेत केळी खायलेत! मी म्हणलं, माणसाचं डोस्कं फिरलं. सोलता सोलता एकाएकी थांबले, पांढरेफटक पडले.

"आगं, ती डबी तर सिद्धोधनची. माझ्याऐवजी त्यानंच भरून दिलती."

माझ्या हातातली परात खाली. रडावं कुणासाठी, तेच कळंना.

तर बाबा, सोमवारी परभणीला दवाखान्यात चल. काढा, पथ्य, 'मला काय धाड भरलीय', असली थेरं नकोत.

तुझी आक्का,
पंचफुला

ता.क. ह्यांची डबी आता मी दारापुढं उभी राहून भरून घेतली. लाज गेली चुलीत. दुर्बीण दोघांनीबी घालून घ्यायची. आधी कोण, ते तिथं भांडा.

आणखी एक. पत्र घेऊन आलेली सुकेशनी तुझ्यापुढंच उभी असंल. मामासाठी रजा काढून आलीय. डबी कुणाची, तिला अजून ठाव न्हाई. माझ्यानं सांगवलं न्हाई. तोंड फिरवू नको. पोरीला जवळ बसव आन् तूच सांग.