पहिल्याच थापेला

बाळा एलिसेओ,

पत्र कुठे पाठवायचं हे ठाऊक नसूनही लिहितेय. तू सरहद्द ओलांडायला गेलास, त्यानंतरचा हा तिसरा नाताळ, आणि तुझा एक फोन नाही.

काल मरिया-योसेफाच्या मूर्ती घेऊन अख्खी गल्ली आपल्या दारी आली. बाहेरच्यांनी त्या दोघांच्या वतीने आसरा मागायचा आणि घरातल्यांनी आधी "जागा नाही, चालते व्हा" असं गायचं, मगच दार उघडायचं. ते गाणं तूच तर लहानपणी घसा ताणून गायचास. काल थाप पडली, बाहेरून "थकलोय, आत घ्या" ऐकू आलं, आणि मी धावत जाऊन दार सताड उघडलं.

शेजारची एदुविहेस खवळलीच. "अगं बाई, आधी नाही म्हणायचं असतं! आमचं गाणं घशातच राहिलं की!"

"मला 'नाही' म्हणवलं नाही गं," मी म्हटलं. मग ती सगळ्यांना मक्याचे गरम तामाले वाढायला लागली.

रोज प्रार्थनेत मी तुला परत मागते. काल वेगळं मागितलं, आणि बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली. म्हटलं, देवा, तिकडे माझा एलिसेओ ज्या दारावर थाप मारेल, त्या घरातल्या बाईलाही गाणं विसरू दे.

तुझी आई,
एउलालिया