कोंबडीचे पाय

२ मार्च २०११

चि. सौ. बारकीस,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मिळालं म्हणजे कसंबसं वाचता आलं. अगं, हे अक्षर की कोंबडीचे पाय? मागेही एकदा असंच खरडलं होतंस. माझ्या तिसरीतल्या पोरांकडून मी असलं पान दहादा लिहून घेते!

दारात बोटं चेमटली म्हणतेस. लहानपणापासून धांदरट, ती अजून धांदरटच. जरा जपत जा, घरच्यांच्या जिवाला घोर लावू नकोस. तुझे भावोजी आठवण काढतात.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी ताई

९ जुलै २०१४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षराला हसू नकोस. उजवा हात प्लॅस्टरमध्ये आहे, डाव्याने लिहिते आहे. नवऱ्याने पिरगळला आणि हाड मोडलं. डॉक्टरांना जिन्यावरून पडले असं सांग, म्हणाला. दवाखान्यातून मी घरी गेलेच नाही. मी शिवते त्या दुकानाच्या मालकीणबाईंनी वरची खोली दिली आहे. खाली शिवणाची मशीनं दिवसभर धडधडतात, पण झोप लागते. तो मात्र रोज संध्याकाळी समोरच्या दिव्याच्या खांबाला टेकून उभा राहतो. मी जिन्यावरून खालीच उतरत नाही.

बायकांसाठी मोफत वकील देणारं एक केंद्र आहे, तिथे जाते. दोन बाकं, एक खेळण्यांचा खोका आणि एक वकीलबाई. त्या रडू देतात, पण तारीख विसरू देत नाहीत. त्याने माझा उजवा हात दुखावला त्या तारखा मला आठवतात अर्धवट राहिलेल्या कपड्यांवरून. कोणाचा कोट अडला, कोणाचा गणवेश. अशा पाच वेळा सांगितल्या, त्यांनी लिहून कोर्टात दिल्या. त्याने माझ्या जवळपास फिरकू नये, एवढाच हुकूम मागितला आहे.

पण त्याच्या वकिलाने तुझं जुनं पत्र भर कोर्टात वाचलं. घरातच राहिलं होतं ते. सख्खी बहीणच धांदरट म्हणते, तर नवऱ्याचा काय दोष, असं म्हणाला. मला राग आला, ताई. खोटं कशाला बोलू? त्याचा आणि तुझाही.

मी खरं लिहिलेलं एखादं पत्र तुझ्याकडे आहे का, असं वकीलबाई विचारतात. कुठून असणार? पाकीट चिकटवण्याआधी तो प्रत्येक पत्र वाचायचा. तू आलीस तर तुलाही उलटसुलट विचारतील. जमणार नसेल तर तसं कळव. पुढची तारीख चोवीस.

रागावले तरी तुझीच आहे. अंतर देऊ नकोस.
बारकी

१३ जुलै २०१४

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी सगळी पत्रं डब्यातून काढून जमिनीवर मांडली. एकेचाळीस निघाली. खरं एकातही नाही. पण चार दिवसांपूर्वीचं तुझं पत्र शेजारी ठेवलं आणि एकेक ओळ लावून पाहिली. पाच पत्रं अगदी ह्याच, डाव्या हाताची आहेत. पाकिटांवर पोस्टाचे शिक्के आहेत. तारखा सोबत लिहिल्या आहेत, तुझ्या यादीशी ताडून पाहा. त्याने शब्द तपासले, बाई, अक्षर नाही.

नाव न घातलेली वही टेबलावर आली तरी मी अक्षरावरून पोर ओळखते. मग तुझं ओळखता आलं नाही? ओळखलं होतं. दुसऱ्या पत्रालाच मनात पाल चुकचुकली होती. विचारलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं, म्हणून हसण्यावारी नेलं. याची मला लाज वाटते.

पत्रं रजिस्टर्ड पोस्टाने पाठवून मोकळी हो, कोर्टाची पायरी कशाला चढतेस, असं भावोजी म्हणतात. मी शाळेत रजा टाकली आहे. तेवीसला पोचते. पत्रं पिशवीत नाही, पोटाशी धरून आणणार.

रागाव, पण माझी राहा.
ताई

६ ऑगस्ट २०१४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हुकूम हातात आला. खोली, दुकान, रस्ता, कुठेही त्याने यायचं नाही. तुझ्याकडच्या पाचही पत्रांवरचे शिक्के माझ्या तारखांनंतर दोन-तीन दिवसांचेच निघाले, आणि माझी यादी तर डबा उघडण्याआधीच कोर्टात होती. वकीलबाई म्हणतात, असा पुरावा त्यांनी आजवर पाहिला नव्हता. पण निकाल फिरला तो तुझ्यामुळे, असंही म्हणतात.

त्याच्या वकिलाने तुला विचारलं की एवढं कळत होतं तर तीन वर्षं गप्प का बसलात. तू कठडा घट्ट धरलास आणि भ्याले होते, म्हणून सांगितलंस. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचतो त्या आवाजात. माझा राग तिथेच गेला.

काल संध्याकाळी खांबाजवळ कोणी नव्हतं. तरी तीनदा पाहिलं, मग खाली उतरले आणि कोपऱ्यापर्यंत उगाच चालून आले.

प्लॅस्टर निघालं. हे उजव्या हाताचं पहिलं पत्र. बोटं आखडली आहेत, म्हणून अक्षर पुन्हा कोंबडीचे पायच. ह्या वेळी पोटभर हस. यापुढे मात्र माझं अक्षर बिघडलेलं दिसलं, तर आधी विचार आणि मग हस.

जीव लावतेस तसाच लावत राहा.
तुझी धांदरट बारकी