बाहेर न जाणारं टपाल

११ जुलै २०११, सोम.
ऑफिसात पवनभैयांनी नवं काम दिलं. कॉलेजच्या प्रवेशाची वेबसाइट. अर्ज भरला की विद्यार्थ्याला आपोआप ई-मेल जायला हवा. मी विचारलं, मराठीत? "मराठी में ही तो चाहिए. एमए मराठी हो, और किसलिए रखा है?"
माझ्या कॉम्प्युटरवर त्यांनी एक मेल सर्व्हर बसवून दिला. नकली डाकघर. प्रोग्रामला वाटतं, पत्र गेलं. पत्र इथंच अडतं आणि एका खिडकीत दिसतं. नेट लागत नाही. आज नेट बंदच होतं.

१२ जुलै
चाचणीला पत्ता लागतो. कुठलाही खोटा चालला असता. बोटांनी रंजूचा टाइप केला. धाकट्या बहिणीचा पत्ता, पाठ आहे. ती नर्सिंगला पुण्याला निघाली तेव्हा गोंदियाच्या सायबर कॅफेत मीच उघडून दिला होता. पाठवणाऱ्याच्या जागी माझा पत्ता.
"आपला अर्ज मिळाला." दोन वर्षांत तिला लिहिलेलं पहिलं वाक्य. गेलं म्हणजे गेलं नाहीच.

१४ जुलै
मजकूर बदलून बघायचा होता. "आई बरी आहे." आलं. "बांधीत धानाची रोवणी सुरू झाली." आलं.
लिहिणारी मी, वाचणारीही मीच. रोजनिशीसारखं. पण रोजनिशीवर पत्ता नसतो.

१७ जुलै, रवि.
सौंदडला घरीच. आई रोवणीवरून आली, पाय धुताधुता म्हणाली, "रंजूचा फोन आल्ता."
"मले विचारलं?"
"नाही. तूच काऊन नाही करत?"
उचलत नाही ती, म्हटलं.
"मंग एमए कायले केलं? बहिणीसंग दोन शब्द बोलता येत नाही त."

दोन वर्षांपूर्वी. रंजूच्या लग्नाचं रिसेप्शन, पुणे. तिच्या हातात माइक दिला होता. म्हणाली, "मी लय खुश होऊन राहिली." मी पुढच्या खुर्चीवरून, मोठ्यानं: "होऊन राहिली काय गं? झाले आहे म्हण." हॉल हसला. तिनं माइक खाली ठेवला.
नंतर एवढंच म्हणाली, "ताई, तुह्यासमोर आता बोलणारच नाही." शब्द पाळला.

घरात मीही तसंच बोलते. वर बघा, 'मले' लिहिलंय.

१९ जुलै
विचित्र. पत्र पाठवायचा भाग काल नव्यानं लिहिला, तेव्हापासून मराठी अक्षरं पत्रात प्रश्नचिन्हं होऊन येतात. "माफ कर" लिहून पाहिलं. आलं: ??? ??
मोजलं. यंत्र काना वेगळा मोजतं. व्याकरण मोजत नाही. बराच वेळ शब्द टाकत बसले. जे अक्षर ओळखता येत नाही त्याच्या जागी प्रश्न. माणसं असं करत नाहीत. दुरुस्त करतात.

२० जुलै
दोष सापडत नाही. चाचणीसाठी मोठा मजकूर हवा म्हणून सात ओळी लिहिल्या. रिसेप्शनबद्दल. माझी चूक होती, हेही. सगळ्या ओळी प्रश्नचिन्हं झाल्या. बरं वाटलं. उद्या पुसेन.

२१ जुलै
जेवून आले तर खिडकीत नवं काही नाही. प. भैया माझ्या खुर्चीत. "बाहर वाला सर्व्हर लगा के देखा. बढ़िया जा रहा है."
कोणत्या पत्त्यावर?
"जो पड़ा था, उसी पे."
मजकूर?
"वो भी जो पड़ा था. क्यों, क्या लिखा था?"
टेस्ट, म्हटलं.

२२ जुलै
काही नाही. पोचलं का? पोचलं तर काय पोचलं? सात ओळी प्रश्नचिन्हांच्या, खाली माझं नाव, तेही प्रश्नचिन्हांत. पत्त्यावरून मात्र मी ओळखू येते.

२३ जुलै, शनि.
रंजूचं उत्तर. इंग्रजी अक्षरांत टाइप केलंय, इथं उतरवते:
"ताई, इतके प्रश्न कायले पाठवून राहिली? एकएक विचार ना."
पाचदा वाचलं. दुरुस्त करण्यासारखं एकही अक्षर नाही.

२५ जुलै, सोम.
दोष सापडला. मजकूर कोणत्या लिपीत आहे हे पत्राला सांगणारी एक ओळ राहिली होती. टाकली. नकली डाकघरात सातही ओळी स्वच्छ आल्या. वाचल्या. निबंध. पुसल्या.
प. भैया: "हो गया? कॉलेज को दे दें?"
एक चाचणी बाकी आहे, म्हटलं.

एकच ओळ लिहिली. आधी इथंच पाठवली. आली, अक्षर न् अक्षर:
"रंजू, तू खुश होऊन राहिली का?"
प्रश्नचिन्ह एकच. यंत्राचं नाही, माझं.

बाहेरचा सर्व्हर लावला. पत्ता तोच. नेट बंद आहे.
बसले आहे.