भिंगाला चंदेरी रंग

जालना, २७ जानेवारी २०२५

ती. राजानंदकाका, आई, आर्यन आणि घरातल्या समस्त सत्कारप्रेमी मंडळींस,
सविनय जयभीम वि. वि.

आपल्या घरात शिकणाऱ्या प्रत्येकाचं गाऱ्हाणं एकच: काम अर्धं असतानाच हार गळ्यात पडतो. आर्यनचा निकाल लागायच्या आधी पेढे वाटले, ते विसरलात?

काका, फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून हे पत्र. आईला दाखवायला गावी नेलेलं, अँटेनापुढे लावायचं माझं प्लास्टिकचं चपटं भिंग आर्यननं आज परत आणून दिलं. भोकांत रंगाऱ्याची लांबी भरलेली, वरून चंदेरी रंग! अहो, थ्रीडी प्रिंटरवर छापताना ती भोकं मी मुद्दाम ठेवली होती. मध्ये प्लास्टिक दाट, कडेला विरळ. दाट जागी रेडिओलहर रेंगाळते, म्हणून अँटेनातून पसरत निघालेल्या लहरी भिंगापलीकडे एकजुटीनं सरळ जातात. तुमच्या रंगातली धातूची पूड त्यांना दारातूनच परत पाठवते.

सात फेब्रुवारीला हैदराबादेत याची चाचणी आहे. ती हुकली तर पुढची तारीख जूनमध्ये, आणि माझी संशोधनाची शिष्यवृत्ती मार्चमध्येच संपते.

लोभ करा, रंगकाम नको.
तुमची,
सुमेधा

तीर्थपुरी, ३० जानेवारी

चि. सुमेधास अ. उ. आ.

पत्र वाचून तुझी आई हसली. मी बिलकुल हसलो न्हाई. शेजारच्या उषाबाईनं भर दारात विचारलं, की एवढं शिकून पोरीनं चाळणीच केली का. मंग मी काय करायचं? लांबी मीच भरली, रंगाचे दोन हात मीच दिले. निघत नसेल तर दुसरं छाप.

पण सात तारखेलाच रमाई जयंतीच्या मंडपात तुझा सत्कार ठरलाय. फाट्यावर तुझ्या फोटोचं बॅनर लागलंय, राजूरहून पाहुणे येऊन राह्यलेत. तू आली न्हाईस तर मी माइकपुढं कोणत्या तोंडानं उभा राहू? हैदराबादवाल्यांना तारीख बदलायला सांग.

माया आहेच. राग गिळून ये.
तुझा काका,
राजानंद

जालना, २ फेब्रुवारी

ती. काकांस सविनय जयभीम.

लांबी खरवडताना भोकांच्या भिंती तुटल्या. दुसरं छापायला लावलं, तर मध्येच वीज गेली, पुन्हा पहिल्यापासून. आता निम्म्यावर आलंय. तारीख बदलायचं मी विचारलंसुद्धा नाही.

काका, पोरींना शिकवा, असं गावोगावच्या मंडपांत सांगून तुम्ही घसा कोरडा केलात. ते ऐकतच मी मोठी झाले, शिकले. आता शिकलेली पोरगी कामावर निघाली, तर तुम्ही हार घेऊन तिची वाट अडवता? मग ती भाषणं कुणाच्या पोरींसाठी होती?

पाहुण्यांना पोटभर जेवू घाला. आणि सात तारखेला माइकवर स्वतः उभं राहून सांगा, की सुमेधा येणार नाही, ती हैदराबादला आपल्या कामावर आहे.

तुमच्या रागावरही जीव असलेली,
सुमेधा