डिझेल नको म्हणण्याचं कारण

रविवार, ९ नोव्हेंबर
दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. तूही ठीक असशील असं धरून चालते, कारण फोनवर विचारलं तर तू "हं, बरंय" म्हणतोस आणि ठेवून देतोस. म्हणून पत्र. पत्र मधेच ठेवून देता येत नाही. म्हणजे येतं, पण तू तसा नाहीस.

आईचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. लेक पुढच्या महिन्यात चार वर्षांची होईल. दिवसभर प्रश्न विचारून भंडावून सोडते. मामा तिने फक्त फोटोतच पाहिलाय.

काम असं, की आम्ही जुनी गाडी घेतोय. दोन पसंत पडल्यात. एक पांढरी, पेट्रोलवर चालणारी. दुसरी करडी, डिझेलची. तुझे मेव्हणे डिझेलवर अडून बसलेत. त्यांचा कारखाना शहराबाहेर गेलाय, जाऊन-येऊन रोज नव्वद किलोमीटर. शेजारी, ऑफिसातले, विकणारा, सगळे एकच सांगतात: एवढं रनिंग असेल तर डिझेलच घ्या. आणि मी एकटी पेट्रोल, पेट्रोल करत बसलेय.

"एक कारण सांग," हे म्हणाले. मी म्हटलं, डिझेलच्या धुराने पोरीला खोकला होतो. "तिला खोकला आइस्क्रीमने होतो." मग म्हटलं, आवाज फार करते. मग म्हटलं, करडा रंग कसातरीच दिसतो. शेवटी वैतागून म्हणाले, "तुझ्या दादाला विचार बाई. त्याच्याइतकं गाड्यांमधलं कुणाला कळतं?"

आई तिथेच भाजी निवडत होती. म्हणाली, "हो, त्यालाच विचारा. मेकॅनिक मुलगा घरात आणि बापाची गाडी रस्त्यात बंद." आणि सूप घेऊन आत निघून गेली. चार वर्षांत हे वाक्य किती वेळा ऐकलं, मोजलं नाही. दर वेळी मी मान खाली घालते आणि सगळ्यांना वाटतं, हिला बाबांची आठवण आली.

तर विचारते. पेट्रोल घेऊ की डिझेल?

नाही दादा, पत्र यासाठी नाहीये. एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते, पण हात चालेना.

गुरुवारी आम्ही गाड्या बघायला गेलो होतो. तिथला मेकॅनिक भारी फटकळ. करड्या गाडीचं बॉनेट उघडून काय काय दाखवत होता. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "डिझेलच्या गाडीत चुकून पेट्रोल भरलं तर काय होतं?"

"थोडी चालते, मग ठोकायला लागते, मग बसते."

"आणि असं झालंय हे नंतर कुणाला कळतं का?"

तो हसलाच. "ताई, फिल्टर ढिला करून बोट ओलं केलं की वासावर कळतं. ज्याला कळत नाही त्याने पाने-पक्कड विकून घरी बसावं."

मी तिथल्या टायरवर बसले. यांना म्हटलं, ऊन लागलं.

दादा, त्या दिवशी सकाळी गाडी मी नेली होती. किल्ली तुझ्याकडूनच घेतली. जुनी गाडी देऊन तू बाबांसाठी ती डिझेलची आणलीस त्याला नऊ दिवस झाले होते. किल्ली देताना तू म्हणालास, "डिझेल आहे हं." मी म्हटलं, "माहितीये रे, शाळेत शिकवल्यासारखं काय करतोस." आणि आपल्या घरचा कायदा तुला ठाऊकच आहे. गाडी ज्याने नेली त्याने टाकी भरूनच दारात लावायची. सोळा वर्षं आपण पेट्रोल भरत आलो. पंपावरच्या माणसाने विचारलं, काय टाकू? मी मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हटलं, "पेट्रोल, फुल." अर्धी टाकी डिझेल आत होतंच, त्यामुळे दोन किलोमीटरवरच्या घरापर्यंत गाडी गुपचूप आली. मी किल्ली खिळ्याला अडकवली आणि जेवायला बसले.

संध्याकाळी बाबांच्या छातीत दुखायला लागलं. तू त्यांना आणि आईला घेऊन निघालास, आणि पुलाच्या अलीकडे गाडी बंद पडली. रुग्णवाहिका यायला चाळीस मिनिटं लागली. आईचा फोन आला, "गाडी ठोके देऊन बंद पडली," तेव्हाच मला कळलं. तिथल्या तिथे कळलं. सातवा महिना होता. मी फोन ठेवला आणि कुणालाच काही बोलले नाही.

तू सगळ्यांना सांगितलंस, इंधनाचा पंप गेला, मी तपासायला हवा होता. मला वाटलं, सुटले. दादा, खरं लिहिते, बाबा गेलेले असताना मला असं वाटलं. बाळंतपण होऊ दे मग सांगू, पोर जरा मोठी होऊ दे मग सांगू. निमित्तांना काय तोटा! तोवर लोक म्हणायला लागले, ज्याला बापाची गाडी नीट ठेवता आली नाही त्याच्याकडे कशाला न्यायची. तुझं गॅरेज बंद पडलं. तू त्या लांबच्या गावी दुसऱ्याच्या हाताखाली राबायला लागलास. जायच्या आधी तू दारात येऊन हाका मारल्यास, आईने दार उघडलं नाही. मी आतच होते. मीही उघडलं नाही.

तुला ठाऊक नाही, तुलाही स्वतःचीच चूक वाटते, असं धरून मी जगत होते. तू तर मेकॅनिक. तुला वास आला नसेल?

सोमवार, सकाळ

आईला सांगितलं. हे समोर बसले होते. एका दमात सांगितलं, नाहीतर पुन्हा शेपूट घातली असती.

ओरडेल, मारेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "त्याने बॉनेट उघडलं, काहीतरी सैल केलं. मग बाजूला होऊन बोटं नाकाशी नेली. मला काचेतून दिसत होतं. तुझ्या बाबांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तो तसाच उभा राहिला. मग खिडकीशी आला आणि म्हणाला, आई, माझी चूक झाली."

म्हणजे बाबा जिवंत होते, रुग्णवाहिका यायची होती, आणि तेवढ्यात तू ठरवूनही मोकळा झालास. असं कसं रे ठरवलंस? मला शिव्या घालायच्यास. एक थोबाडीत द्यायचीस. मी काय मागितलं होतं का तुझ्याकडे हे?

आई माझ्याशी बोलत नाही. पाणी हवं असलं तरी जावयाला सांगते. करडी गाडी घ्या, असं मी यांना सांगून टाकलंय; नाही म्हणायला आता कारण उरलेलं नाही. आत्याला फोन झाला, काकांना झाला. आत्याने फोन आपटला. उरलेले आज करते.

आईने बॅग भरलीये. शनिवारी सकाळच्या बसने आम्ही दोघी निघतोय, कारण तुझा पत्ता मला माहीत आहे, तिला नाही. तुझ्या दारापर्यंत तिला आणून सोडते. ती तुला काय म्हणणार आहे, मला सांगत नाही. तिला आत घे, गुडघ्यांमुळे तिला फार वेळ उभं राहवत नाही. मी खाली जिन्यात बसेन. माझं काय करायचं ते तू ठरव, पण या वेळी मला वाचवायला म्हणून काही ठरवू नकोस.

जिची चूक होती ती,
तुझी धाकटी बहीण