अकराव्या वर्षाचं काय?

प्रिय उंटा,

स्वतः सुतार असून स्वतःच्याच दाराच्या चौकटीला रोज डोकं आपटणाऱ्या माणसाला मी दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारू? पत्र बघून घाबरू नकोस. माझी रोपवाटिका आणि तुझं दुकान यांच्यामध्ये एक रस्ता तेवढा आहे, चालत येऊन सांगता आलं असतं. पण तुझ्यासमोर उभी राहिले की मी विषय बदलते. त्या दिवशी तू विचारलंस आणि मी ‘बघू’ म्हणून गुलाबांना पाणी घालायला पळाले, खरं तर पाणी घालून झालं होतं. त्याचं उत्तर शेवटी आहे. मधलं गाळून वाचू नकोस, मला कळेल.

तर ऐक. काही महिन्यांपूर्वी माझ्या आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला, गुदाशयात, एक गाठ सापडली. जागा अशी की चारचौघांत नाव काढायची सोय नाही. ताई सगळ्यांना पोटाचं दुखणं म्हणून सांगत सुटली आणि शेजारीण मला तिखट कमी खा म्हणून बजावू लागली. न्यूरोएंडोक्राइन असं गाठीचं लांबलचक नाव, पण आकार मसुराच्या दाण्याएवढा. डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतूनच ती काढून टाकली. तुला मी तेव्हा ताईकडे कलमं बांधायला जाते म्हणून सांगितलं होतं.

अहवाल आल्यावर बाईंनी माझ्यासमोर एक तक्ता ठेवला. आडव्या रेघा, त्यांवर तुझ्या पट्टीसारख्या खुणा. वय किती, गाठ केवढी, किती खोल गेली, कुठे पसरली का, प्रत्येकाचे गुण. त्यांची बेरीज करायची आणि खाली बघायचं, की अशा रोग्यांपैकी किती जण तीन वर्षांनी, पाच वर्षांनी, दहा वर्षांनी हयात असतात. मला अगदीच कमी गुण पडले. शाळेत असे गुण पडले की बाबा दिवसभर बोलायचे नाहीत, इथे बाईंनी पाठ थोपटली. शंभरातले जवळजवळ सगळे जगतात, म्हणाल्या. मी मान डोलावली. माझी नजर मात्र तळाशी अडकली होती. दहाच्या पुढे रेघच नव्हती.

मी काय समजले ते तू ओळखलं असशील. दहा वर्षं, मग खेळ खलास. माझ्या एकटीपुरतं मला ते चाललं असतं, हसतखेळत काढली असती. पण मग तू विचारलंस. तुझी बायको गेली तेव्हा तुझा रंधा कितीतरी दिवस जागचा हलला नव्हता, ते मी रस्त्यापलीकडून पाहिलं आहे. पुन्हा तुला तेच दाखवायला माझं मन धजेना. तेव्हापासून मी नुसती हंगामी फुलं लावत होते. कुणी मोठ्या झाडाचं रोप मागितलं की संपलं म्हणायची, आणि अक्रोडाची रोपं मागच्या भिंतीआड लपवलेली असायची.

काल पुन्हा तपासणी झाली. सगळं स्वच्छ आहे. निघताना धीर करून विचारलं, बाई, अकराव्या वर्षाचं काय? त्यांना प्रश्नच कळेना. कळला तेव्हा इतक्या हसल्या की बाहेरची नर्स डोकावून गेली. ज्या रोग्यांवरून तो तक्ता काढला, त्यांच्यावर दहाच वर्षं लक्ष ठेवलं होतं. पुढचं कुणी पाहिलंच नाही, म्हणून रेघ नाही. माझ्यासारखे बहुतेक जण तेव्हाही मजेत हिंडत होते. मग बाईंनी माझंच बोलणं मला ऐकवून जुना हिशेब चुकता केला. माझ्याकडून लिंबाचं रोप नेताना त्यांनी विचारलं होतं, दोन वर्षांची हमी संपली की झाड मरतं का, आणि मी चार गिऱ्हाइकांदेखत त्यांची टर उडवली होती. हमी संपते, झाड नाही, हे मी दिवसातून दहादा सांगते. माझ्याच बाबतीत अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

तक्ता शंभर जणांचं सांगतो, माझ्या एकटीचं नाही, हेही बाईंनी स्पष्ट सांगितलं. तपासण्या चुकवायच्या नाहीत. पण उद्याचं तुलाही कुणी लिहून दिलेलं नाही, निदान ती चौकट तिथे आहे तोवर तरी नाही. मी घरी येईपर्यंत एकटीच हसत होते. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

आता उत्तर. तू विचारलं होतंस, लग्न करून माझ्या घरी येशील का. येते. तू मला फार आवडतोस आणि तुझ्याबरोबर म्हातारी व्हायची मला मनापासून हौस आहे. फक्त अंगणात उन्हाच्या बाजूला तू फळ्यांचा ढीग रचला आहेस तो हलव आणि तिथे चांगला गुडघाभर खड्डा खण. मी येताना भिंतीआडचा एक अक्रोड आणणार आहे. त्याला फळ धरायला बारा वर्षं तरी लागतील, आणि पहिला अक्रोड मी फोडणार आहे.

तुझीच,
आणखी थोडेच दिवस रस्त्यापलीकडची