चार माणसांचा धक्का

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर. कंबर धरली आहे, खरोखर घातला तर उठवायला कोणीतरी लागेल, आणि ते कोणीतरी सध्या घरात नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला? तुमच्या जिन्यातला बल्ब बदलला का? मागच्या पत्रात तू त्या बल्बवर दीड पान लिहिलं होतंस, तेव्हापासून मला त्याची काळजी लागून राहिली आहे. माझी तब्येत ठणठणीत आहे, जेवण वेळेवर होतं, कपडे इस्त्रीचे असतात. (यातलं पहिलं आणि तिसरं खोटं आहे, पण तू विचारलंस म्हणून लिहिलं.) पाकीट हाताला जरा फुगलेलं लागेल. त्याकडे आत्ता लक्ष देऊ नकोस, आधी पत्र नीट वाच.

तू लिहितेस की ते धूड कशाला सांभाळत बसला आहेस, विकून टाक आणि इकडे राहायला ये, गॅलरीजवळची खोली रिकामीच आहे. भाच्याचाही फोन आला होता. त्याला म्हणे जुने ट्रॅक्टर विकत घेणारे एक हौशी गृहस्थ भेटले आहेत. ते जुने ट्रॅक्टर गोळा करतात, रंगवतात, पुसतात आणि एका मोठ्या दालनात ओळीने उभे करून ठेवतात. चालवत नाहीत! फक्त बघतात. येत्या रविवारी दोघे येणार, गृहस्थ इंजिन एकदा सुरू करून आवाज ऐकणार आणि पसंत पडला तर तिथल्या तिथे ट्रकवर चढवून नेणार. मी भाच्याला हो म्हणालो. फोनवर मला नाही म्हणताच येत नाही, तुला ठाऊक आहे. नाही म्हणायला मला कागद लागतो. म्हणून हे पत्र.

अगं, हा ट्रॅक्टर वडिलांनी आणला तेव्हाच म्हातारा होता. आठवतं का? तू बारा वर्षांची, मी सात. वडील पुढे उभे राहून हँडल फिरवायचे आणि तू वर सीटवर बसायचीस. इंजिनाने पहिला खोकला काढला की तू रेसचा दांडा ओढायचा. जरा आधी ओढला तरी बंद, जरा उशीर झाला तरी बंद, आणि बंद पडला की वडिलांची बोलणी. तुझा दांडा कधी चुकला नाही. माझ्याकडे काय काम होतं? तेलाचं फडकं धरून उभं राहायचं. फडकं कोणी मागत नसे, तरी मी ते धरून उभा. मला सीटवर बसायचं होतं, ताई. तू लग्न होऊन गेलीस तेव्हा सगळे फाटकात उभे राहून रडत होते आणि मी शेडमध्ये जाऊन सीटवर बसलो होतो. (रडत होतो मीसुद्धा, पण सीटवर बसून.)

पुढे तुझी भावजय आली आणि तिने त्याचं नाव ठेवलं सवत. ‘अहो, सवतीच्या नाकाला पाणी सुटलंय,’ असं ती स्वयंपाकघरातून ओरडली की समजायचं, रेडिएटर गळतोय. ‘सवत आज रुसलीय वाटतं’ म्हणजे डिझेलच्या नळीत हवा धरली आहे. एवढी नावं ठेवून पुन्हा एकतीस वर्षं सवतीच्या सीटवर बसून रेस दिली तिनेच. हात ओले असले तर पदराला पुसत यायची, दांडा ओढायची, खाली उतरायची आणि चुलीवरचं बघायला पळायची. ती गेली त्याला आता दोन वर्षं झाली. पहिले काही महिने मी शेडचं दारच उघडलं नाही. मग नांगरटीचे दिवस आले आणि उघडावं लागलं. सेल्फचं बटण दाबलं तर नुसतं टक्क. (सेल्फ बिघडलेला होताच, पण घरात दोन माणसं असताना त्याची आठवण कशाला येते?) हँडल मारावं तर हँडल पुढे, रेसचा दांडा वर सीटपाशी, आणि मी एकटा. मी हँडल मारून धावत वर चढायचो, तोवर इंजिन एकदा खोकून गप्प. अठरा वेळा धावलो. एकोणिसाव्या वेळी मी खालीच बसलो.

मग मी डोकं चालवलं. शेडच्या मागे उतार आहे ना, तिथे ट्रॅक्टर उभा करायचा (तिथवर नेला कसा ते विचारू नकोस, त्यात एक बैल आणि बरीच लाज आहे), चाकाखाली वीट ठेवायची, सकाळी वीट काढायची, धावत जाऊन वर चढायचं आणि गिअर टाकून क्लच सोडायचा. त्रेसष्टाव्या वर्षी हा खेळ मी दोनदा यशस्वी करून दाखवला. तिसऱ्या दिवशी चप्पल चिखलात रुतली. मी हातात वीट घेऊन तिथेच, आणि ट्रॅक्टर माझ्याशिवाय निघाला. कसली घाई नाही, कसला आवाज नाही, बाजारात निघालेल्या माणसासारखा शांतपणे रस्ता ओलांडून गेला, समोरच्या निवृत्त पोस्टमास्तरांच्या घेवड्याच्या मांडवातून आरपार झाला आणि त्यांच्या न्हाणीघराच्या भिंतीला जाऊन टेकला. (पुढचं हँडल वाकलं ते तेव्हाच, आजवर सरळ झालेलं नाही.) आत पोस्टमास्तर आंघोळ करत होते. जन्मात कोणावर आवाज चढवला नाही असा माणूस. दार वाजल्यावर विचारावं तसं त्यांनी आतून विचारलं, ‘कोण आहे?’ मी बाहेरून म्हणालो, ‘मी आहे.’

तर धक्क्याची सुरुवात अशी झाली. पोस्टमास्तर टॉवेल गुंडाळून बाहेर आले, शेजारचा गिरणीवाला पिठाने माखलेला तसाच धावत आला, दवाखान्यात निघालेल्या कंपाउंडरने सायकल भिंतीला लावली आणि तिघांनी मिळून ट्रॅक्टर रस्त्यावर काढून ढकलला. चौथ्या पोस्टमास्तरीणबाई. त्यांनी हात लावला नाही, पायरीवर उभ्या राहून हुकूम सोडले. ‘डावीकडून लावा! अहो, डावीकडून म्हटलं ना! तुमची डावी कुठली ते तरी ठरवा!’ बाईंचा आवाज असा, की ट्रॅक्टर धक्क्याने सुरू झाला की धाकाने, हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही. मागच्या मडगार्डवर गिरणीवाल्याचे पिठाचे दोन पंजे उमटले होते. मी सगळ्यांना चहाला बोलावलं. लोक आपल्यासाठी घाम गाळतात आणि आपण नुसतं ‘बरंय’ म्हणून निघून जायचं, हे बरं दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला चौघंही पुन्हा फाटकाशी हजर. तिसऱ्या दिवशीही. मग ते रोजचंच झालं, चांगलं दीड वर्षं. घरात दोनच कप होते, एक माझा आणि एक हिचा. हिचा मी कोणाला दिला नाही, चार नवे आणले. गिरणीवाला ढकलताना मोठमोठ्याने आकडे मोजतो आणि सातनंतर थेट नऊ म्हणतो. कंपाउंडर ढकलून झालं की प्रत्येकाची नाडी बघतो. (पोस्टमास्तरांची नाडी त्याला अजून एकदाही सापडलेली नाही, पण ते रोज विश्वासाने हात पुढे करतात.) ट्रॅक्टर अंगणात धडधडत असायचा आणि आम्ही त्याच्या वरताण ओरडून गप्पा मारायचो. कोणाचं बोलणं कोणाला धड ऐकू येत नसे, पण गप्पा फार छान व्हायच्या. नांगरट संपली, ट्रॉलीची कामं संपली, तरी रोज सुरू केला नाही तर इंजिन जाम होतं, असं मी त्यांना सांगून ठेवलं होतं. त्यांनीही कधी उलट विचारलं नाही.

मध्यंतरी मिस्त्री येऊन गेला. हा माणूस इंजिनाला कान लावतो, डोळे मिटतो आणि ‘हं’ म्हणतो. तेवढ्या ‘हं’वर अर्धा दिवस जातो. सगळं उघडून पुन्हा बसवलं, तर दोन नट उरले. ‘हे जास्तीचेच होते,’ असं म्हणून त्याने ते माझ्या हातावर ठेवले. ते खिडकीत ठेवले आहेत, तू आलीस की दाखवीन. सेल्फ मात्र त्याच्या बापजन्मात दुरुस्त झाला नाही. असले मिस्त्री असल्यावर माणसाने काय करावं?

आणि मग गेल्या गुरुवारी घात झाला. त्या सकाळी कंबर धरली, मला वर चढता येईना. पोस्टमास्तरीणबाई म्हणाल्या, ‘मी बसते की.’ दीड वर्षं पायरीवरून हुकूम सोडून त्यांचा डोळा सीटवर होताच. चढल्या. मी खालून सगळं समजावलं: हा क्लच, हा गिअर, मी ‘सोडा’ म्हटलं की पाय उचलायचा. तिघे मागे लागले, मीही मानापुरता एक हात लावला. गिरणीवाल्याने पाच म्हटलं, सहा म्हटलं, तेवढ्यात बाईंनी विचारलं, ‘आणि हे बटण कशाचं?’ विचारलं आणि दाबलं. बाई आधी करतात, मग उत्तर ऐकतात. ट्रॅक्टर असा गरजला, की बाईंचा पाय दचकून क्लचवरून निघाला आणि गाडी उडी मारून पुढे! गिरणीवाला आणि कंपाउंडर पालथे पडले. पोस्टमास्तर ट्रॉलीच्या आकड्याला धरून दहा पावलं धावले, कारण सोडायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बाईंनी पायाखाली येईल ते दाबलं, इंजिन बंद पडलं. मग त्यांनी क्लच धरून पुन्हा बटण दाबलं. सुरू. बंद केलं, पुन्हा दाबलं. सुरू.

सगळे ट्रॅक्टरकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मी म्हणालो, ‘चमत्कारच म्हणायचा!’ गिरणीवाला कपडे झटकत उठला. पोस्टमास्तर टोपी उचलून म्हणाले, ‘चला, बरं झालं. आता आमची गरज नाही.’ खोचकपणाने नाही गं, अगदी मनापासून म्हणाले. तेच जास्त लागलं. आत पाच कप चहा गाळून ठेवला होता. मी आग्रह केला, पण ते म्हणाले, राहू दे, पुन्हा कधीतरी.

शुक्रवारी आठला मी फाटकाशी उभा राहिलो. कोणी आलं नाही. शनिवारीही नाही. गिरणी आठलाच सुरू होते, हे मला दीड वर्षाने कळलं, कारण तिचा आवाज आता आठला येतो. कंपाउंडर सायकलवरून घंटी वाजवून पुढे जातो, मी हात वर करतो. मग शेडमध्ये जाऊन बटण दाबतो, ट्रॅक्टर एका बोटावर सुरू होतो आणि मी त्याच्यासमोर उभा राहून चहा पितो. आठ ते नऊ हा तास एवढा लांबलचक असतो, हे मला माहीत नव्हतं. ताई, मला फार एकटं वाटतं. फोनवर तू विचारशील तेव्हा मी नाही म्हणेन, म्हणून इथे लिहून ठेवतो.

तेव्हा सांगायचं ते एवढंच की ट्रॅक्टर उत्तम चालतो आहे, विकायचं काही कारण नाही, आणि गॅलरीजवळच्या खोलीत तो मावणारही नाही. दाजींना नमस्कार. भाच्याला समजावून सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. – वर मिस्त्रीबद्दल जे लिहिलं ते खोडून वाच. सेल्फ त्याने चौदा महिन्यांपूर्वीच दुरुस्त केला होता, आणि तोही दहा मिनिटांत. तेव्हापासून रोज पावणेआठला मी बटणाची वायर काढून सदऱ्याच्या खिशात ठेवत असे. गुरुवारी कंबरेला तेल चोळण्याच्या नादात राहून गेलं. मिस्त्रीने एकदा ती वायर माझ्या खिशातून लोंबताना पाहिली होती. काही न बोलता त्याने ती आत सारली आणि चहाचा दुसरा कप मागितला. माणूस सोन्यासारखा आहे.

ता. क. – काल सगळं कबूल करायला पोस्टमास्तरांकडे निघालो होतो. त्यांच्या फाटकापर्यंत गेलो. बाईंचा आवाज ऐकला, मांडवावर घेवडा पुन्हा चढलेला पाहिला आणि परत आलो. माझ्याच्याने होत नाही. तू बोलशील का त्यांच्याशी? तुला ते नाही म्हणणार नाहीत.

ता. क. – पाकिटात जी वीतभर लाल वायर निघाली, ती हीच. ती इथे नसली तर रविवारी भाचा काय आणि त्याचे हौशी गृहस्थ काय, नुसतं टक्क ऐकून परत जातील. ढकलावा म्हटलं तर चार माणसं लागतात, आणि ती मी घालवून बसलो आहे. वायर भाच्याच्या हाती देऊ नकोस. टपालाने परत पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये. सीट पुसून ठेवली आहे. वर तू बस, मी फडकं धरून खाली उभा राहतो.